रामटेकच्या पायथ्याशी गाडलेला पर्वत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या दृष्टीने तेवढा इतिहास पुरेसा असेलही. परंतु ज्या भूमीवर हे राजे वावरले, तिचाही एक इतिहास आहे. तो ताम्रपटावर किंवा शिलालेखावर कोरलेला नाही. तो खुद्द शिळेतच आहे. नागपूर आणि भंडारा या आपल्या विदर्भातील दोन जिल्ह्यांच्या उत्तर भागात असाच एक फार जुना इतिहास पडून आहे. तेथे एकेकाळी एक मोठी पर्वतरांग उभी होती. आज तिची शिखरे नाहीत, दऱ्या नाहीत, बर्फ असेल तर तेही नाही. उरली आहेत ती केवळ तिची मुळे. ही रांग कशी उभी राहिली, तिच्या पोटात खडक कसे तापले आणि हे सर्व माणसाला कसे कळले, याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

प्रथम हे ठिकाण नीट समजून घ्या. नागपूर शहरातील सीताबर्डीची टेकडी काळ्या फत्तराची, म्हणजे बेसाल्टची आहे. दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा तो भाग असून त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. तेथून ईशान्येस कामठीकडे निघालात की वालुकाश्म लागतो. भूशास्त्रात या थरांना कामठीचेच नाव मिळाले असून त्यांचे वय सुमारे २५ कोटी वर्षे आहे. आणखी उत्तरेस, नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर मनसर येते. शेजारीच रामटेकची टेकडी दिसते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. येथील खडक मात्र अगदी निराळे आहेत. कोठे चमकणाऱ्या अभ्रकाचे पापुद्रे, कोठे गारगोटीसारखा कठीण क्वार्ट्झाइट, तर कोठे पांढरा संगमरवर. यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात जाते. म्हणजे एस. टी. च्या तासाभराच्या प्रवासात आपण सुमारे ९३ कोटी वर्षे मागे जातो. अशी सोय फार थोड्या गावांना लाभली आहे!

या जुन्या खडकांच्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ ‘सौंसर पट्टा’ म्हणतात. सौंसर हे आपल्या सीमेलगतचे मध्य प्रदेशातील गाव. हा पट्टा तेथून पूर्वेकडे नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत कमानीसारखा पसरलेला आहे. त्यातील थरांना दिलेली नावेही याच मुलखातील गावांची आहेत : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचवा. जगभरच्या संशोधकांच्या ग्रंथांत आपली ही लहानशी खेडी अशा रीतीने जाऊन बसली आहेत. परंतु त्याच खेड्यांतील शाळकरी मुलांना याची वार्ता बहुधा नसते. हीच खंत या लेखामागे आहे.

दगड वाचणारे लोक

दगडधोंड्यांवरून भूमीचा पूर्वेतिहास ताडण्याची विद्या केवळ युरोपातच जन्मली असे समजण्याचे कारण नाही. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनी याने भारताविषयी ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, पर्वताजवळ नदीतील दगड मोठे असतात, दूर गेल्यावर ते लहान होत जातात आणि समुद्राकडे तर त्यांची वाळूच होते. यावरून त्याने अनुमान काढले की, हिंदुस्थानचे मैदान हे पूर्वी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरून आले असावे. हातात कोणतेही यंत्र नसताना केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर काढलेला हा निष्कर्ष आहे. विद्यार्थी मित्रांनो, शास्त्राची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती नीट पाहण्यात होते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आपल्या नागपूर भागात हे काम प्रथम नेटाने केले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा चालवीत असतानाच त्यांनी आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांच्या कथा टिपून घेतल्या आणि आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. १८६३ साली टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते नदीत बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पुढे कारखानदारीने या पट्ट्याकडे लक्ष वेधले. पोलाद तयार करताना त्यातील प्राणवायू व गंधक यांचा दोष काढण्यासाठी आणि त्याला चिवटपणा आणण्यासाठी मँगॅनीज लागते. १८९६ मध्ये या भागातील मँगॅनीजसाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. तिचीच पुढे कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये तिच्या खाणी ‘मँगॅनीज ओअर इंडिया’ या कंपनीकडे आल्या आणि १९७७ मध्ये उरलेले ब्रिटिश भांडवलही सरकारने घेतले. ‘मॉइल’ या नावाने आपण ओळखतो ती हीच कंपनी. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून टॉर्चच्या सेलसाठी उपयोगी पडणारे मँगॅनीज डायऑक्साइडही निघते. रात्री शेतावर जाताना हातात धरलेल्या बॅटरीत या गाडलेल्या पर्वताचा अंश असू शकतो, हे किती जणांना माहीत असेल?

खाणींच्या मागोमाग शास्त्रज्ञ आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगॅनीजच्या साठ्यांवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. या खाणींत त्यांना एक विशिष्ट खडक वारंवार आढळला. त्यात गारगोटी होती आणि मँगॅनीजयुक्त गार्नेटचे दाणे होते. या मुलखातील गोंड लोकांवरून त्यांनी त्याला ‘गोंडाइट’ असे नाव दिले. नावापेक्षाही महत्त्वाचा होता तो त्यांचा निष्कर्ष. हा खडक मुळात समुद्रतळावर साचलेला मँगॅनीजमिश्रित गाळ असून पुढे उष्णता व दाब यांमुळे त्याचे रूपांतर झाले, असे त्यांनी दाखविले. म्हणजे मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे आज जेथे खाणकामगार उतरतात, तेथे एकेकाळी समुद्र होता.

समुद्रातून पर्वत

आता मूळ घटनाक्रमाकडे वळू. या पट्ट्यातील मूळ थर साधेच होते : वाळू, चिखल, चुनखडीचा गाळ आणि मँगॅनीजयुक्त गाळ. उथळ समुद्रात ते थरावर थर साचत गेले. वाळूचा पुढे क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा अभ्रकयुक्त शिस्ट झाला, चुनखडीचा संगमरवर झाला. या बदलाला कारण झाली ती भूखंडांची टक्कर.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या पट्टांत विभागलेले असून हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात त्या गतीने सरकतात. हिमालय हा भारत आणि आशिया यांच्या टकरीतून उभा राहिला, हे आपण भूगोलात शिकतोच. परंतु भारताचा द्वीपकल्पीय भागही मुळात एकसंध नव्हता. उत्तरेचा बुंदेलखंडाकडील प्राचीन भूखंड आणि दक्षिणेचा बस्तरकडील प्राचीन भूखंड हे वेगळे होते. त्यांच्या सांध्यावर मध्य भारतातील हा पट्टा आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी हे भूखंड एकमेकांवर दाबले गेले, मधले थर चिरडले, दुमडले आणि पर्वत उभा राहिला. त्याच सुमारास जगातील इतर भूखंडही ‘रोडिनिया’ नावाच्या एका महाखंडात एकत्र येत होते.

हे थर किती दुमडले याचा पुरावा देवलापार येथे सापडला. सर्वेक्षण खात्यातील विल्यम डिक्सन वेस्ट यांनी या भागात पायी हिंडून थरांचे नकाशे काढले. १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, येथे थरांची एक प्रचंड घडी आडवी होऊन, मुळापासून सरकून, दुसऱ्या थरांवर जाऊन बसली आहे. एखादी सतरंजी भिंतीकडे ढकलली असता तिची घडी उठते, कलंडते आणि शेवटी जमिनीवर आडवी पडते, तसाच हा प्रकार. अशा घडीला भूगोलाच्या पुस्तकांत ‘ग्रीवाखंड’ म्हणतात. असा प्रकार आल्प्समध्ये प्रसिद्ध होता. परंतु आपल्या नागपूर जिल्ह्यात, जेथे डोळ्यांना फक्त बुटक्या टेकड्या आणि सागाचे जंगल दिसते, तेथेही आल्प्सच्या तोडीचा पर्वत होता, असे यावरून सिद्ध झाले. वेस्ट यांनी पुढे सागर विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग उभारला आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या.

पर्वताच्या पोटातील उष्णता

टक्कर झाली, घड्या पडल्या. एवढे समजणे सोपे आहे. पण खडक तापले कसे? ते ज्वालामुखीत तर पडले नव्हते. याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे.

जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. वरच्या भागात हे प्रमाण साधारणतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस असते. खडकांत अत्यल्प प्रमाणात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असते व त्यांच्या किरणोत्सर्गातून सतत थोडी थोडी ऊष्मा निर्माण होत असते. टकरीमुळे कवचाचा एक थर दुसऱ्यावर चढतो आणि त्याची जाडी वाढते. खालचे खडक खोल दाबले जातात आणि वरचे जाड पांघरूण त्यांची ऊष्मा बाहेर जाऊ देत नाही. बिर्याणी दमाला लावताना देगेचे तोंड कणकेने बंद करतात, विस्तव बेताचा ठेवतात. तरी आतील तांदूळ आणि गोश्त हळूहळू उत्तम शिजते. पर्वताचेही तसेच आहे. फरक एवढाच की हा दम एकदोन तासांचा नव्हे, तर कोट्यवधी वर्षांचा असतो. खडक उष्णतेचे फार मंद वाहक असल्यामुळे खालच्या थरांना पुरते तापण्यास एवढा अवधी लागतो. म्हणून दाब आधी कमाल होतो आणि तापमान मागाहून कमाल होते. कित्येकदा तर खडक वर येऊ लागल्यानंतरही तापतच राहतो.

हे तापमान मोजायचे कसे? तेथे तर कोणी तापमापक लावला नव्हता. तापमापक खडकातच असतो. १८९३ मध्ये जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दाखविले की, एकाच प्रकारच्या चिखलापासून बनलेल्या खडकांत तापमान वाढत जाते तशी ठराविक क्रमाने नवी खनिजे दिसू लागतात. आज हा क्रम असा सांगितला जातो : प्रथम क्लोराइट, मग काळे अभ्रक, मग गार्नेट, मग स्टॉरोलाइट, मग कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. यांपैकी कायनाइट आणि सिलिमनाइट ही तर एकाच रासायनिक घटनेची भावंडे आहेत. जास्त दाबात कायनाइट बनते, जास्त तापमानात सिलिमनाइट. तिसरे भावंड अँडालुसाइट हे कमी दाबात बनते. यांपैकी कोण कोठे सापडते यावरून खडक किती खोल गेला होता आणि किती तापला होता, याचा अंदाज बांधता येतो.

सौंसर पट्ट्यात ही पद्धत लावली असता असे आढळले की, दक्षिणेकडील व आग्नेयेकडील खडक कमी तापलेले आहेत, तर उत्तरेकडे व वायव्येकडे जावे तसा ताप वाढत जातो. उत्तर कडेला रामाकोना-कटंगी भागात तर अशा खडकांचे तुकडे मिळतात की, जे सातशे अंश सेल्सियसच्या वर तापले होते आणि सुमारे तीस किलोमीटर खोल गेले होते. त्यातील खनिजांच्या कडांवर नंतर तयार झालेली दुसरी खनिजे आहेत. त्यांवरून हेही वाचता येते की, हे खडक तापलेल्या अवस्थेतच बरेच वर आले आणि मग सावकाश निवले. एका दाण्याच्या मध्यभागी पर्वताचे बालपण आणि कडेला त्याचे वार्धक्य, असा हा जमाखर्च आहे.

वयाचा वाद

फर्मर आणि वेस्ट यांच्या काळी या खडकांना पृथ्वीवरील सर्वांत जुन्या, आर्कीयन कालखंडात घातले जाई. म्हणजे आजच्या मोजणीने २५० कोटी वर्षांहून अधिक जुने. ते इतके चुरगळलेले आणि तापलेले होते की, ते फारच प्राचीन असले पाहिजेत असे वाटणे स्वाभाविक होते. पण किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीने हे मत मागे पडले. आर्थर होम्स यांनी १९५५ मध्ये द्वीपकल्पीय भारताच्या प्राचीन पर्वतपट्ट्यांची वये मांडली, तेव्हा सातपुडा पट्ट्याचे वय शंभर कोटींच्या आतच आले. त्यानंतर प्रामुख्याने भारतीय संशोधकांनी अधिक सूक्ष्म मोजण्या केल्या. मोनाझाइट नावाच्या खनिजाच्या बारीक कणांतील युरेनियम, थोरियम व शिसे यांचे प्रमाण मोजून मुख्य टकरीचा काळ शंभर कोटी वर्षांच्या आसपास येतो असे दिसून आले. पट्ट्याच्या कडेच्या काही खडकांत मात्र सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे आणखी जुन्या तापाच्याही खुणा आहेत. तेव्हा या सांध्यावर भूखंड एकदाच भिडले की दोनदा, यावर चर्चा अजून चालू आहे. थोर संशोधकाचे मतही नव्या पुराव्यापुढे बदलावे लागते आणि त्यात त्याचा अपमान होत नाही. वेस्ट यांचे वय चुकले, पण त्यांचा नकाशा आजही उपयोगी पडतो.

पर्वत गेला कोठे?

मग एवढा पर्वत गेला कोठे? तो पावसाने, वाऱ्याने, नद्यांनी झिजविला. पण येथेही एक नवल आहे. १८५५ मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी एव्हरेस्ट यांच्या मोजणीतील कल्याणपूर व कलियाना या ठाण्यांमधील सव्वापाच सेकंदांच्या फरकाचा अभ्यास केला. हिमालयाच्या ओढीने ओळंबा जेवढा कलावयास हवा होता, तेवढा तो कललेला नव्हता. त्यावर त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी सुचविले की, पर्वताला खाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि पाण्यात तराफा तरंगावा तसा पर्वत तरंगत असतो. तराफ्यावरील ओझे काढले की तो वर उचलला जातो. त्याचप्रमाणे पर्वताचा माथा एक किलोमीटर झिजला की खालून सुमारे आठशे मीटर भाग वर येतो आणि उंची दोनशे मीटरच्या आतबाहेर कमी होते. म्हणून पर्वत झिजण्यास अतिशय दीर्घ काळ लागतो आणि शेवटी त्याच्या पोटातील तापलेले, शिजलेले खडक उन्हात येतात. मनसरच्या टेकडीवर आपण पाय ठेवतो तो या अर्थाने पर्वताच्या शिखरावर नव्हे, त्याच्या पायावर.

नंतर त्या झिजलेल्या भूमीवर गोंडवन काळातील नद्या वाहिल्या. कामठी-उमरेडचा कोळसा आणि वालुकाश्म त्याच काळचा. मग लाव्हा आला. आणि अगदी अखेरीस, कालपरवा म्हणावा असा, माणूस आला. आंबागडच्या डोंगरावर बख्त बुलंद शाहाचा सरदार राजाखान पठाण याने सतराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला बांधला. आपण इतिहास म्हणून शिकतो तो एवढाच शेवटचा परिच्छेद आहे.

आपल्यापुढील प्रश्न

पालकहो, आता एक व्यवहाराची गोष्ट. मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की आपल्यापुढे डॉक्टर आणि इंजिनियर हे दोनच मार्ग उभे राहतात. त्यात वाईट काही नाही. परंतु विहिरीला पाणी कोठे लागेल, धरणाचा पाया कोणत्या खडकावर घ्यावा, खाणीचा कडा कोठे ढासळेल, हे सांगणारी माणसेही समाजाला हवी आहेत. भूविज्ञान हा विषय नागपूरसारख्या आपल्या विद्यापीठांत शिकविला जातो. मुलींनीही यात मागे राहण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, मँगॅनीजचा जो थर समुद्रतळावर साचला, खोल गेला, शिजला आणि शंभर कोटी वर्षांनी वर आला, तो आपण सव्वाशे वर्षांपासून खणत आहोत. खणू नये असे कोणी म्हणणार नाही. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. पण काय खणतो आहोत हे त्या कुटुंबांतील मुलांना तरी ठाऊक असावे. चिखल्याच्या किंवा मनसरच्या कामगाराच्या मुलाला स्कॉटलंडमधील बॅरो यांचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. पण बापाने घरी आणलेल्या दगडातील लालसर दाणा कोणता आणि तो किती अंशांवर शिजला, हे त्याला सांगता आले पाहिजे.

यासाठी फार खर्च लागत नाही. शाळेची सहल रामटेकला जातेच. त्या वेळी शिक्षकांनी बरोबर एक भिंग, एक वही आणि जिल्ह्याचा नकाशा घ्यावा. वाटेत सुटे पडलेले दगड पाहावेत. जंगलात किंवा खाणीच्या हद्दीत परवानगीवाचून काही फोडू नये. प्रत्येक दगडावर गावाचे नाव आणि तारीख लिहून शाळेच्या कपाटात तो ठेवावा. पाच वर्षांत शाळेपाशी असा संग्रह होईल की, नव्या विद्यार्थ्याला सीताबर्डीपासून देवलापारपर्यंतचा इतिहास एका कपाटासमोर उभे राहून शिकता येईल. हिस्लॉप यांनी शाळा चालवीत असतानाच दगड गोळा केले होते. आपल्या शाळांनाही ते अशक्य नाही.